परसातलं तळं: पानगळीआधी आणि बर्फाआधी काय काय करायचं? (न्यू जर्सी, कोई + गोल्डफिश + कमळ)

परसबाग_एडिसन | २१ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. एडिसनजवळ परसात तळं केलंय, त्याचा हा पहिलाच हिवाळा. माहिती एकदमच देतो.

लांबी १२ फूट, रुंदी ८ फूट. काठालगत दीड फूट खोलीची पायरी आहे, मधे ३ फूट खोल. सरासरी २ फूट धरली तर १२ × ८ × २ × ७.४८, म्हणजे साधारण १,४०० गॅलन (५,३०० लिटर). खाली रबराचं अस्तर आहे. तासाला १,८०० गॅलनचा बुडता पंप तळाशी ठेवलाय. तिथून पाणी फिल्टरच्या डब्यात, मग १८ वॅटच्या यूव्ही दिव्यातून छोट्या धबधब्यावर जातं.

मासे: ४ कोई (८ ते १० इंच), ९ कॉमेट गोल्डफिश, २ ओरांडा.
झाडं: साधी गुलाबी वॉटर लिली, एक निळी लिली (दुकानदाराच्या मते उष्ण प्रदेशातली), एक कमळ, वेखंड, कर्दळ, कुंडीत अळू आणि वर तरंगणारी जलपर्णी.
शेजारी एक मेपल आणि एक ओक, दोन्ही मोठे.

प्रश्न: पंप हिवाळाभर चालू ठेवायचा का? १,५०० वॅटचा हीटर घ्यावा लागेल का? खाणं कधी थांबवायचं? सगळं पाणी काढून तळ घासायचा का? आणि कमळाचं काय करायचं?

---

तळ्याकाठी | २१ सप्टेंबर

मापं दिलीत ते फार बरं झालं. कोई आणि कॉमेट थंडीने सहसा मरत नाहीत. तळाशी कुजलेल्या पानांमुळे आणि बर्फाखाली कोंडलेल्या वायूमुळे मरतात. पानं कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि वर बर्फाचं झाकण बसलं की त्यांना बाहेर पडायला जागा उरत नाही. म्हणून तुमचा वेळ आणि पैसा पाणी तापवण्यावर घालू नका. पानं बाहेर ठेवा आणि बर्फात एक भोक उघडं ठेवा.

जाळी. याच आठवड्यात लावा. मेपलची पानं पाऊण इंची जाळीवर अडतात, पण ओकचा बारीक कचरा त्यातून पडतो, म्हणून ३/८ इंची घ्या. जाळी सपाट ताणली की पहिल्याच पावसात ओल्या पानांच्या वजनाने मधे पोटासारखी लोंबते आणि पाण्याला टेकते. मग पानांचा काढाच पाण्यात उतरतो. त्यापेक्षा बैलगाडीच्या टपासारख्या कमानी करा. अर्धा इंची पीव्हीसीच्या १० फुटी नळ्या घ्या. काठापासून सहा-सहा इंच बाहेर, दोन्ही बाजूंना लोखंडी सळीचे दीड फुटी तुकडे ठोका आणि नळीची टोकं त्यांवर बसवा. ९ फुटांच्या अंतरावर १० फुटी नळी वाकवली की मधे पावणेदोन फूट उंची मिळते. दर तीन फुटांवर एक अशा पाच कमानी लागतील. वर १५ × २० फुटांची जाळी टाका आणि कडा विटांनी दाबा. पानं घसरून कडेला जमतात, ती आठवड्याला उचला.

ओक पानं उशिरा टाकतो, तेव्हा मेपल उघडा झाला म्हणून जाळी काढू नका. मात्र पहिल्या मोठ्या हिमवर्षावाआधी ती निघालीच पाहिजे. ओल्या बर्फाचं वजन कमानींना पेलत नाही, जाळी पाण्यात जाते आणि तिच्यात मासे अडकतात.

तळाची सफाई. सगळं पाणी काढू नका. आता पाणी ६० फॅरनहाइटच्या वर (१५ सेल्सिअसच्या पुढे) आहे तोवर लांब दांड्याच्या जाळीने किंवा तळ्याच्या व्हॅक्यूमने गाळ उचला. एका दिवशी तळाचा एक तृतीयांश भागच घ्या. काळा गाळ एकदम ढवळला की त्यातला सल्फाइड एकदम पाण्यात येतो आणि तासाभरात मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात. गाळ काढताना धबधबा चालूच ठेवा. हे काम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आटपा. नंतर बेडूक तळाशी जाऊन बसतात, त्यांना उकरून काढू नये. शेवटी १५ टक्के पाणी बदला, म्हणजे साधारण २०० गॅलन.

खाणं. दिनदर्शिका बघू नका, थर्मामीटर बघा. तो दीड फूट खोल लोंबता ठेवा आणि सकाळी वाचा. ६० फॅ. च्या खाली गेला की प्रथिनांचं खाणं बंद करून गव्हाच्या अंकुराचं, दिवसातून एकदाच, पाच मिनिटांत संपेल इतकं द्या. सकाळचा आकडा ५० फॅ. (१० सें.) च्या खाली टिकला की पूर्ण बंद. माशाचं पचन पाण्याच्या तापमानावर चालतं. गार पाण्यात पोटातलं खाणं पचायच्या आधी सडायला लागतं. डिसेंबरात एखाद्या उबदार दुपारी मासे वर येऊन तोंड हलवतील, तेव्हाही काही टाकू नका. दुपारचं ऊन जातं, पोटातलं खाणं तसंच राहतं. वसंतात सकाळचं पाणी सलग आठवडाभर ५० च्या वर राहिलं की पुन्हा गव्हाच्या खाण्याने सुरुवात करा.

पंप. तुमच्या मांडणीत बंद करा, साधारण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) आसपास. कारण दोन आहेत. पाणी ४ सें. (३९ फॅ.) ला सगळ्यात जड असतं, म्हणून थंडीत तळाशी चार अंशांचं पाणी बसतं आणि त्याच्या वर गार पाणी व बर्फ राहतो. मासे त्या तळच्या थरात हिवाळा काढतात. तळाचा पंप तेच पाणी उचलून गोठत्या हवेत धबधब्यावरून सोडतो आणि तो थर मोडतो. दुसरं, धबधब्यावर बर्फाचे बांध तयार होतात आणि पाणी वळून काठाबाहेर वाहायला लागतं. पंप मग रात्रीतून तळं उपसून टाकतो.

पंप काढून घासा आणि तळघरात बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर त्याचं सील सुकून चिरतं. यूव्ही दिवा पूर्ण रिकामा करून घरात आणा. आत थेंबभर पाणी गोठलं तरी क्वार्ट्झची नळी तडकते. नळीवरचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो. फिल्टरचा डबाही रिकामा करा. आत साचलेलं पाणी चार महिन्यांत विषारी होतं आणि मार्चमध्ये पंप सुरू करताच ते सगळं तळ्यात जातं.

हीटर. १,५०० वॅटचा नको. चोवीस तास चालला तर दिवसाला ३६ युनिट जळतील. तळं तापवायचं नाही, फक्त भोक उघडं ठेवायचंय. ३०० वॅटचा तरंगता डी-आयसर दिवसाला जास्तीत जास्त ७.२ युनिट घेतो. शिवाय ३५ फॅ. ला चालू आणि ४५ ला बंद होणारा थर्मोस्टॅटचा प्लग मिळतो, तो मधे लावला की वापर आणखी उतरतो. सॉकेट जीएफसीआय (वीज गळली की लगेच तोडणारा) असलाच पाहिजे. इथे पाणी आणि वीज शेजारी आहेत, यात तडजोड करू नका.

सोबत छोटा हवेचा पंप लावा. त्याचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड तळाशी न ठेवता दीड फुटाच्या पायरीवर ठेवा. कारण तेच, तळचा थर हलू द्यायचा नाही. गार पाण्यात प्राणवायू मुळातच जास्त मावतो (४ सें. ला लिटरमागे साधारण १३ मिलिग्रॅम, २५ ला ८ च्या आसपास) आणि माशांची गरजही उतरलेली असते, त्यामुळे मंद बुडबुडे पुरतात.

ओरांडा बाहेर ठेवू नका. ही जात नाजूक आहे. पाणी ६० च्या आसपास असतानाच घरातल्या टाकीत न्या, दोघांना किमान ४० गॅलन. तळ्याच्या फिल्टरमधला एक स्पंज त्या टाकीच्या फिल्टरमध्ये घाला, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू पहिल्या दिवसापासून मिळतील.

---

कमळकंद | २२ सप्टेंबर

माशांचं वर आलंच आहे, मी झाडांपुरतं लिहिते.

कमळ. खत आतापर्यंत थांबलेलं असायला हवं. ऑगस्टच्या मध्यानंतर खत घातलं तर झाड कंद भरायचं सोडून पानं काढत बसतं. पानं हिरवी आहेत तोवर कापू नका, त्यांचं सगळं अन्न आता खाली कमळकाकडीत उतरतंय. पानं पूर्ण तपकिरी झाली की देठ पाण्याच्या *वर* चार बोटं ठेवून कापा. देठ आतून पोकळ असतो. पाण्याखाली कापला तर त्या नळ्यांमधून पाणी थेट कंदापर्यंत जातं आणि कंद कुजतो. वसंतात कमळ न उगवण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. नंतर कुंडी ३ फुटांच्या भागात उतरवा. कमळ थंडी सोसतं, पण कंद गोठला की संपलं. कुंडी उचलवत असेल तर तापमान ३५ ते ४५ फॅ. मध्ये राहील अशा गॅरेजमध्येही चालेल, फक्त माती चिखलासारखी ओली हवी.

गुलाबी लिली थंडी सोसणारी दिसते. पिवळी पानं मुळापासून दोन-तीन इंच ठेवून कापा आणि तीही खोलात ठेवा.

निळी लिली बाहेर टिकणार नाही. एक-दोन दंव पडू द्या, पानं आपोआप बारीक होतील. मग कुंडी काढून माती धुवा. खोडाखाली अक्रोडाएवढा टणक गड्डा सापडेल. मऊ लागला तर टाकून द्या. चांगला असेल तो किंचित ओल्या वाळूत, बरणीत, ५५ फॅ. (१३ सें.) च्या आसपास ठेवा. महिन्यातून एकदा बुरशी बघा. पाणी ७० फॅ. वर स्थिरावल्याशिवाय परत लावू नका, म्हणजे तुमच्याकडे मेअखेर किंवा जून.

अळू पहिल्या दंवाच्या *आधी* काढा. अळकुड्यांवरची माती झटका, आठवडाभर सावलीत सुकवा आणि कोरड्या पीटमध्ये (वाळलेल्या शेवाळाच्या भुशात) किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ५० फॅ. च्या जवळपास ठेवा. पानांबद्दल एक महत्त्वाचं: तळ्यात माशांचं औषध किंवा शेवाळनाशक घातलं असेल, तर त्या पानांच्या वड्या करू नका. नर्सरीतून शोभेचं अळू आणलं असेल तर एरवीही नाही.

कर्दळ: दंवाने शेंडे काळे पडले की सहा इंच ठेवून कापा, गड्डे उकरून अळकुड्यांसारखेच ठेवा, फक्त पीट अगदी किंचित दमट हवं.

वेखंडाला काही करायचं नाही. ते याहून कडक थंडीही सोसतं. वाळलेली पानं पाण्यात लोंबत असतील तेवढी काढा.

जलपर्णी दंव पडायच्या आत सगळी उचला. एका रात्रीत तिचा लगदा होतो आणि मग जाळीने गोळा करावा लागतो. कंपोस्टमध्ये घाला. ओढ्यात, नदीत, सार्वजनिक तळ्यात कधीही टाकू नका. जलपर्णीने नदीचं काय होतं हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

---

मिशिगनकर | २२ सप्टेंबर

‘तळ्याकाठी’ यांच्याशी सहमत. हवेच्या नळीबद्दल मात्र भर घालतो, कारण जानेवारीत नेमकी तीच बंद पडते.

बहुतेक जण हवेचा पंप गॅरेजमध्ये ठेवून नळी बाहेर काढतात. गॅरेजमधली उबदार, दमट हवा गार नळीत शिरली की आतून पाणी सुटतं, नळीत जिथे झोळ असेल तिथे साचतं आणि गोठतं. पंप गुरगुरत राहतो, बुडबुडे बंद. म्हणून पंप बाहेरच, हवा खेळेल अशा झाकलेल्या खोक्यात ठेवा. त्याला बाहेरचीच कोरडी गार हवा ओढू दे. नळी पंपापासून पाण्यापर्यंत सतत उतरती हवी, कुठेही पोट नको. पंप पाण्याच्या पातळीच्या वर असावा. ते जमत नसेल तर नळीत एकमार्गी झडप घाला, नाहीतर वीज गेल्यावर तळ्याचं पाणी उलटं चढून पंपात शिरतं.

खोलीबद्दल: न्यू जर्सीत ३ फुटांवर हे मासे निघतील. आमच्याकडे किंवा मिनेसोटात इतक्या खोलीवर मी कोई बाहेर ठेवायला सांगणार नाही. तिथे फूटभर बर्फ धरतो आणि खाली उरलेल्या पाण्यात गर्दी होते.

बर्फावर हिम साचलं तर निम्म्या भागावरचं झाडून काढा. खाली उजेड गेला की शेवाळ थोडा का होईना प्राणवायू देत राहतं. झाडताना बर्फावर उभं राहायचं नाही, काठावरून लांब झाडू वापरा.

आणखी एक. गारठलेला मासा बगळ्यासमोरून हलतही नाही. पानांची जाळी निघाली की माशांना लपायला तळाशी ८ इंची पीव्हीसी पाइपचे दोन-तीन फुटी तुकडे आडवे ठेवा. कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर अस्तर फाटेल.

---

परसबाग_एडिसन | २३ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. एक, मीठ घातलं की पाणी गोठत नाही असं वाचलं, घालू का? दोन, काल पट्टीने तपासलं तर केएच (पाण्याचा पीएच सावरून धरणारी क्षारता) ५० पीपीएम आला. हे कमी आहे का?

---

तळ्याकाठी | २३ सप्टेंबर

मीठ नको. तळ्यात ०.१ टक्का मीठ करायला ५.३ किलो लागेल, आणि त्याने गोठणबिंदू एका अंशाच्या दहाव्या हिश्शाइतकासुद्धा उतरत नाही. जास्त घातलं तर लिली आणि कमळ जातील. मीठ बाष्पीभवनाने कमी होत नाही, पाणी बदलूनच निघतं. फरशीवर बर्फ वितळवायला टाकता ते मीठही तळ्याकडे वाहून येणार नाही हे बघा.

केएच ५० मात्र खरंच कमी आहे, आणि हिवाळ्यात आणखी उतरेल. पावसाच्या आणि वितळलेल्या हिमाच्या पाण्यात केएच जवळजवळ शून्य असतो. तो संपला की पीएच एका रात्रीत कोसळतो. १०० च्या वर न्या. तुमच्या ५,३०० लिटरला ५० ने वाढवायला साधारण ४४५ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. किराणा दुकानातलं एक पौंडाचं खोकं जवळजवळ तेवढंच भरतं. पण बेकिंग सोडा, बेकिंग पावडर नव्हे. निम्मं आज बादलीत विरघळवून धबधब्यावर ओता, उरलेलं परवा. आठवड्याने पुन्हा तपासा.

परवाचं राहिलं: पाणी बदलताना नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की क्लोरामाइन हे पाणीपुरवठ्याच्या वार्षिक अहवालात बघा. क्लोरीन उघड्या पिंपात एक-दोन दिवसांत उडून जातं, क्लोरामाइन तसं उडत नाही. साध्या थायोसल्फेटच्या औषधाने क्लोरामाइनमधलं क्लोरीन निघतं, पण अमोनिया मागे उरतो. तेव्हा अमोनियाही बांधणारं औषध घ्या.

---

निफाड_शेततळं | २४ सप्टेंबर

आमच्याकडे बर्फ नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाचच्या खाली जातो. सिमेंटच्या ३ फुटी हौदात कोई आणि गप्पी आहेत. खाणं बंद करायचं का?

---

तळ्याकाठी | २४ सप्टेंबर

हवेचा पहाटेचा आकडा धरू नका. तुमच्याकडे दुपारी चांगलं ऊन असतं, त्यामुळे पाणी त्या आकड्याच्या बरंच वर राहतं. थर्मामीटर पाण्यात सोडा. सकाळी १५ सें. च्या खाली दिसलं तर खाणं निम्मं करा आणि दुपारी द्या. १० च्या खाली टिकलं तरच बंद. कोईंना धोका नाही. गप्पी मात्र उष्ण पाण्यातले, १५ च्या खाली ते मंदावतात आणि मरतातही. थंडीच्या लाटेत थोडे गप्पी घरात पिंपात काढून ठेवा आणि हौदाच्या वाऱ्याच्या बाजूला रात्री ताडपत्री ओढा. पूर्ण झाकू नका.

---

परसबाग_एडिसन | २५ सप्टेंबर

शेवटचं. डिसेंबरच्या मध्यापासून तीन आठवडे भारतात आहोत. शेजारच्यांना काय सांगून ठेवू?

---

मिशिगनकर | २५ सप्टेंबर

रोज एक नजर टाकायला सांगा: भोक उघडं आहे का आणि बुडबुडे येतायत का. बस. त्यांच्याकडे खाण्याचा डबा ठेवूच नका, दया येऊन कोणीतरी टाकतंच.

भोक बंद झालं तर बर्फ फोडायचा नाही. हातोड्याचा धक्का पाण्यातून थेट माशांना बसतो. सपाट बुडाचं पातेलं उकळत्या पाण्याने भरून बर्फावर ठेवायचं, गार झालं की पुन्हा भरायचं. दोन-तीन फेऱ्यांत आरपार भोक पडतं. पातेल्याच्या कानाला दोरी बांधून ठेवा, नाहीतर ते तळाशी जाईल. उकळतं पाणी थेट तळ्यात ओतायचं नाही.

वीज गेली तर एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही, घाबरायला नको. वीज आल्यावर जीएफसीआयचं बटण उडालंय का ते पाहायला सांगा. डी-आयसर ‘चालू’ असूनही गार असेल तर बहुतेक वेळा तेच कारण निघतं. पाण्याची पातळी चार बोटांपेक्षा जास्त उतरली तर तुम्हाला फोन करायला सांगा. स्वतः नळी लावून पाणी भरू नये, त्यात क्लोरीनचं औषध पडलेलं नसतं.

---

कमळकंद | २५ सप्टेंबर

निघायच्या आधी निळ्या लिलीची बरणी आणि अळकुड्या एकदा तपासून जा. एखादा गड्डा मऊ पडला असेल तर वेगळा काढा, तीन आठवड्यांत तो बाकीचेही नासवतो.